मग ऐकायचं कोणी?

मिलिंदला ट्रॅफिक आवडायचा. तोही कल्याण-शीळ रस्त्यावरचा, जिथे भली भली माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आमची ऑफिसची बस काटई नाक्याला अडकली की सगळे घड्याळ बघून चडफडायचे, मी त्यात पहिली. आणि मागच्या टायरवरच्या सीटवर हा गडी डोळे मिटून, मान हलवत, सुखात बसलेला. एकदा ड्रायव्हरने वैतागून बस आतल्या गावच्या रस्त्याने काढली, तर हा ताडकन उठून उभा. "अहो काका, कुठे पळताय? अजून शेवटचं कडवं बाकीये!"

सगळी बस त्याच्या अंगावर धावून गेली. "अरे मेल्या, आमचा लेटमार्क तू भरणार का?" हे ओरडणारी मीच होते.

आम्ही दोघं माजिवड्याला एका कुरिअर कंपनीत. मी अकाउंट्सला, तो फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायला. मी डोंबिवलीची, पन्नाशी उलटलेली, गाणं म्हणजे तबला-पेटी अशा घरातली. तो विठ्ठलवाडीच्या चाळीतला, तिशीतला. अंगात दोन माणसं मावतील एवढा टी-शर्ट, गळ्यात जाडजूड हेडफोन. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, हा कानाला थंडी वाजणारा कोण प्राणी आलाय? तो पत्रीपुलाला बस पकडायचा, मी मानपाडा चौकात. मी चढेपर्यंत त्याचं तिसरं-चौथं गाणं चालू असायचं आणि गाणं चालू असताना तो कोणाशी बोलत नसे. नमस्कारसुद्धा नाही. गाणं संपलं की मग एक हेडफोन वर करून म्हणणार, "बोला ताई, मघाशी काय म्हणालात?" तोपर्यंत माझा राग थंड झालेला असायचा किंवा दुप्पट झालेला असायचा.

विठ्ठलवाडीहून ठाण्याला लोकलने यायला निम्मा वेळ लागतो, हे मी त्याला सांगून सांगून थकले. तो म्हणायचा, "ताई, ट्रेनमध्ये अर्धा अल्बम पण होत नाही. घरी एका खोलीत आम्ही पाच जण आणि टीव्ही. ऑफिसात दिवसभर लोकांच्या शिव्या. मग माझं गाणं मी ऐकू कधी? हा रस्ता लांब आहे म्हणून बरंय." जगात लोक ऑफिसजवळ घर मिळावं म्हणून नवस बोलतात. ह्याला लांबचा रस्ता हवा होता.

त्याचं गाणं म्हणजे हिप-हॉप. दुसरं काही नाही. आधी मला ते गाणंच वाटायचं नाही. कोणीतरी धावत धावत भांडतंय असं वाटायचं. ऑफिसमधली पोरं त्याला विचारायची, "तू पण रॅप करतो का रे? टाक ना एखादा व्हिडिओ." ह्याचं उत्तर ठरलेलं. "नाय भाऊ. मी ऐकणारा माणूस आहे. जो उठतो तो गायलाच लागला तर मग ऐकायचं कोणी?" पोरं हसायची. पण तो मनापासून सांगत असे. ऐकणं हे त्याला काम वाटायचं, जसं माझं ताळेबंद जुळवणं. एकेक गाणं तो महिना महिना ऐकायचा. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर म्हणे, "पहिल्या आठवड्यात बीट ऐकायची. दुसऱ्यात शब्द. मग त्या माणसाला श्वास कुठे कमी पडला ते. श्वास कमी पडतो ना, तिथे तो खरं बोलत असतो."

रस्त्याचेही त्याने वाटे करून ठेवलेले. काटईपर्यंत निवांत गाणी, कारण तिथे गाडी हलतच नाही. शीळफाटा आला की गर्दीची गाणी, चार-पाच जण एकदम बोलणारी. मुंब्रा बायपासला, ट्रकच्या मागे ट्रक लागलेले असताना, भांडणाची. आणि साकेतच्या पुलावर सगळं बंद. हेडफोन काढून मांडीवर, खिडकी उघडी. खाडीचा वारा आत यायचा, त्याबरोबर खाडीचा वासही, आणि पुढच्या सीटवरून कोणीतरी "अरे खिडकी लाव!" म्हणून खेकसायचं. हा मात्र माजिवडा येईपर्यंत नुसता कान देऊन बसलेला. "तोंड धुतो ना ताई आपण जेवल्यावर," तो म्हणायचा, "तसं."

एकदा मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, "ह्या गाण्यात एवढ्या शिव्या कशाला रे? सरळ बोलता येत नाही का ह्यांना?" तो शांतपणे म्हणाला, "ताई, काल मानपाड्याला तो रिक्षावाला तुमच्या पायावरून गाडी घालत होता, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात?"

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले. काय बोलणार, डोंबल!

त्या दिवसापासून तो मला अधूनमधून एक गाणं ऐकवू लागला. हेडफोन माझ्या डोक्याला चढवायचा, केसांची वाट लागायची आणि तो माझ्या तोंडाकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसा बघत राहायचा. बहुतेक गाण्यांना मी नाक मुरडलं. दोन-तीन मात्र आवडली, हे मी त्याला फारसं कळू दिलं नाही. उगाच शेफारला असता.

एका वर्षी जयंतीला त्याने मला घरी बोलावलं. चाळीच्या मधल्या चौकात स्टेज, निळ्या पताका, खीर-पुरीचा वास. त्याचे वडील, अण्णा, तिथल्या गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे आणि कोरसला गायचे. पांढरा शर्ट, मिशा रंगवलेल्या, आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. मला म्हणाले, "मॅडम, हा माझा पोरगा लहानपणी कुठे झोपायचा माहितेय? स्टेजवरच्या स्पीकरला पाठ टेकून. आई शोधत फिरायची गावभर आणि हा तिथे गाढ! मी म्हटलं, गाणारा निघणार. निघाला ऐकणारा." मग स्वतःच त्याच्या पाठीत एक थाप घालून म्हणाले, "पण बरंय. गाणाऱ्याला टाळी मिळते, ऐकणाऱ्याला गाणं मिळतं."

गायनपार्टीच्या आधी गल्लीतल्या पोरांना दहा मिनिटं दिलेली. अविनाश नावाचा कॉलेजातला एक पोरगा, सगळे त्याला अव्या म्हणायचे, त्याने स्टेजवर येऊन रॅप सुरू केला. म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. अण्णाच त्यांना दटावत होते, "गप रे. आपल्या गाण्याच्या सामन्यात काय वेगळं असायचं? एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने फेडायचा. ह्यांना फक्त ढोलकीच्या जागी मशीन लागतं." मिलिंद स्पीकरच्या अगदी समोर उभा होता, डोळे मिटून. तिथे माझ्या छातीत धडधडत होतं म्हणून मी पार मागे जाऊन बसलेले. हा तिथून हलला नाही.

पोराने टाळ्या चांगल्या घेतल्या. मी पुढे येईपर्यंत तो खाली उतरून आधी मिलिंदकडेच आला. गल्लीत तशी पद्धतच पडलेली. कोणी काही नवं केलं की आधी मिलिंददादाला ऐकवायचं, मग जगाला. मिलिंद म्हणाला, "फ्लो एक नंबर. पण दुसऱ्या कडव्यात तू खोटं बोलला."

"काय खोटं बोललो, दादा?"

"काळी गाडी, काचा खाली, हायवेला दोनशेचा स्पीड. तुझ्याकडे कुठाय गाडी? आणि कुठल्या हायवेला दोनशे? शीळ रोडला वीसने जाऊन दाखव."

सगळे हसले. अव्याचं तोंड पडलं. "मग काय गाऊ? सगळे गाडीवरच गातात."

"तू कशाने जातो कॉलेजला?"

"शेअर रिक्षाने."

"कुठे बसतो?"

"चौथी सीट. ड्रायव्हरच्या बाजूला. मागे जागाच नसते."

"अर्धी मांडी आत, अर्धी बाहेर. एक हात त्या दांडीला. समोरून बस आली की जीव मुठीत. बरोबर? मग त्याचं गा ना, येड्या! ते दुसऱ्या कोणाला गाता येणार नाय."

पोराच्या डोक्यात काहीतरी घुसलं हे मला दिसलं. पुढे कितीतरी दिवस मिलिंद बसमध्ये सांगायचा, "ताई, अव्या लिहितोय. चौथ्या सीटवर. अजून ऐकवलं नाही, म्हणतो पक्कं झालं की ऐकवतो. ते आलं ना, की मी सगळं सोडून तेच ऐकणार. शहाडपासून शीळपर्यंत सगळ्या रिक्षात वाजेल बघा." इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. घरात पाळणा हलणार असल्यासारखा वागत होता.

आणि तेव्हाच सगळं बिघडत चाललेलं. रस्ता खणायला घेतलेला. आधी काँक्रीट, मग पुलाचे खांब. मानपाड्यापासून शीळपर्यंत दिवसभर ती ड्रिलची मशीनं, त्यात डंपर, त्यात आपल्या लोकांचा हॉर्न, ज्याला ब्रेकपेक्षा जास्त किंमत. आम्ही कानावर हात ठेवायचो, खिडक्या लावायचो. मिलिंदचा उपाय एकच. आवाज वाढवायचा. खणती वाढली, आवाज वाढला. हॉर्न वाढले, आणखी वाढला.

एका सकाळी त्याने नेहमीसारखा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि मी किंचाळलेच. "अरे मेल्या, कान फुटले माझे!"

"एवढा काय मोठाय?" तो खरंच चकित झालेला. "नॉर्मलच आहे की."

"नॉर्मल? बाजूच्या डंपरमध्ये ऐकू गेलं असेल! कमी कर, कान जातील."

"ताई, रस्ता एवढ्या मोठ्याने बोलतोय. मग गाण्याने पण जोरात नको बोलायला? नाहीतर रस्ता जिंकेल ना." आणि हसून हेडफोन परत कानाला लावला. त्याचं ते हसणं आठवलं की आजही मला त्या रस्त्याचा, त्या मशीनांचा, त्याचा स्वतःचा, सगळ्यांचा संताप येतो. कोणाला धरून बदडावं तेच कळत नाही.

मग तो फोनवर "परत बोला, परत बोला" करू लागला. तक्रार करणारे लोक आधीच तापलेले, त्यांना परत बोला म्हटलं की भडका. त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागलेली. कुकरची तीनदा झाली की थांबते तरी, ही थांबायची नाही. ठाण्यातल्या डॉक्टरकडे मीच नेलं त्याला, कारण एकटा गेला नसता. डॉक्टर बाई चांगली होती. कागदावर कान काढून तिने समजावलं, की आतल्या नाजूक केसांसारखं जे असतं ते गेलंय, आणि ते परत उगवत नाही. कानाला मशीन लावा, हेडफोन बंद, गोंगाटापासून लांब राहा. शीळफाट्याच्या माणसाला म्हणे गोंगाटापासून लांब राहा! मी बाहेर येऊन रडले. तो नाही रडला. रिक्षा स्टँडवर उभा राहून म्हणाला, "मशीन लावली की होईल ना ताई?"

नाही झालं. मशीन बसवली, पहिल्या दिवशी बसमध्ये त्याने हळूच, घाबरत, एक गाणं लावून बघितलं. त्याचं सगळ्यात आवडतं, महिनोन् महिने ऐकलेलं. मी बाजूलाच बसलेले. गाणं संपायच्या आधी त्याने बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय झालं?"

"आवाज येतो, ताई," तो म्हणाला. "शब्द येत नाही. डब्यात दगड टाकून हलवल्यासारखं येतं."

मला मोठ्याने बोलावं लागत होतं, तेही त्याच्याकडे तोंड करून. म्हटलं, "अरे, सवय होईल हळूहळू." बैल गेला नि झोपा केला, तसलं माझं बोलणं. त्याने मान हलवली. ऐकू आलं की नुसती हलवली, काय माहीत.

ऑफिसने त्याला काढलं नाही. एवढे उपकार केले. फोनवरून उचलला आणि खालच्या गोडाऊनला पाकिटांवर लेबलं चिकटवायला बसवला. तिथेही तो येत राहिला, त्याच बसने, त्याच टायरवरच्या सीटवर. गळ्यात हेडफोन नव्हते. तिथे नुसती मान दिसायची, उघडी, बारीक. एकदा शीळफाट्याला आम्ही असे अडकलो की ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. लोक खाली उतरून चहा पिऊन आले. मिलिंद खिडकीबाहेर बघत होता. मग माझ्याकडे वळून, जरा जास्तच मोठ्या आवाजात, म्हणाला, "ताई, हा रस्ता एवढा लांब आहे?"

सगळ्या बसने वळून बघितलं. त्याला त्याचं काही नाही.

"इतकी वर्षं येतोय, मला कधी कळलंच नाही. तुम्ही लोक रोज एवढा काढत होतात?" मग खिडकीच्या काचेवर बोट फिरवत, "अव्या गाणारा आहे. उद्या त्याचे कान गेले तरी तो लिहील. गाणारा बहिरा झाला तर काहीतरी उरतं. ऐकणारा बहिरा झाला की काय उरतं, ताई?"

लोक म्हणतात, काहीतरी नवीन छंद लावून घे म्हणावं, बागकाम कर, वाचन कर. त्यांच्या तोंडावर सांगावंसं वाटतं, तुमचं काळीज काढून कुंडीत लावा आणि मग बागकाम शिकवा. साकेतचा पूल आला तेव्हा मी सवयीने खिडकी उघडली. वारा आला. त्याने हात लांब करून खिडकी लावून टाकली. वाऱ्याने मशीनमध्ये नुसती खरखर होते म्हणाला.

काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. घरी बसलाय असं कळलं. अण्णांनीही त्या वर्षी जयंतीला ढोलकी हातात घेतली नाही. "मी वाजवतो आणि तो समोर बसून माझ्या हाताकडे बघतो, मॅडम. हाताकडे. मला नाय सहन होत," असं ते मला फोनवर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आणि मग ते गाणं आलं. ऑफिसच्या पोरांनी बसमध्ये फोनवर लावलेलं.

"चौथी सीट माझी, अर्धा आत अर्धा बाहेर,
एक पाय हवेत, ना सासर ना माहेर."

पुढच्या कडव्यात तर,

"मिलिंददादा बोलला, खोटं नको गाऊ,
गाडी नाय आपली तर रिक्षानेच जाऊ."

पोरं म्हणाली, "ताई, हा मिलिंददादा म्हणजे आपला मिल्या?" मी म्हटलं, "हो. आपलाच." आणि बायपास संपेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. मिलिंद म्हणाला होता तसंच झालं. महिन्याभरात ते गाणं रिक्षारिक्षात वाजायला लागलं. मी त्याला मेसेज टाकला, तुझं गाणं आलं रे. दोन दिवसांनी उत्तर आलं. "अव्याने शब्द लिहून पाठवले, ताई. वाचले. चांगलेत. कुठे खोटं नाही." त्याने ते वाचलं होतं. ऐकलं नव्हतं.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. विठ्ठलवाडीला माझी नणंद राहते, तिच्याकडे निघालेले. दुपारची वेळ. कल्याण पूर्वेला शेअर रिक्षात मागे आम्ही तिघी बसलो. चौथ्या सीटची वाट बघत ड्रायव्हर ओरडत होता, तेवढ्यात एक जण येऊन त्याच्या बाजूला बसला. अर्धी मांडी बाहेर, हात दांडीला. सैल टी-शर्ट, उघडी मान, कानामागे मशीन. मी म्हटलं, "मिल्या!" दोनदा म्हटलं. रिक्षाने त्या वेळी फटफट सुरू केलेली. त्याने वळून बघितलं नाही. बाजूची बाई माझ्याकडे बघायला लागली.

ड्रायव्हर विशीतला पोरगा. निघाल्या निघाल्या त्याने गाणं लावलं, फुल्ल आवाजात. पहिल्या ठोक्यालाच मी ओळखलं. चौथी सीट माझी. माझा हात आपोआप पुढे गेला, त्याच्या खांद्यापर्यंत. त्याला सांगायचं होतं, अरे हे तुझं आहे, लागलंय बघ, आपल्या रिक्षात लागलंय!

त्याचा चेहरा मला बाजूने दिसत होता. डोळे आवळून घेतलेले, दात दाबलेले, दाढ दुखत असल्यासारखे. त्याने एक हात कानाकडे नेला आणि ड्रायव्हरकडे वाकून म्हणाला, "दादा, ते जरा बंद करा ना. डोकं उठतं."

ड्रायव्हर पोरगा चांगला होता. लगेच बंद केलं.

मी हात मागे घेतला. काय सांगणार होते त्याला? कुठल्या तोंडाने? त्याच्या गल्लीशी रिक्षा थांबली. तो उतरला, टी-शर्ट सारखा केला, मागे न बघता चालायला लागला. रिक्षा वळायच्या आधीच ड्रायव्हरने गाणं जिथे तोडलं होतं तिथूनच पुन्हा लावलं.

"मिलिंददादा बोलला" ही ओळ आली तेव्हा तो अजून दिसत होता. पाठमोरा, भिंतीच्या कडेकडेने चाललेला.